पोटातले भाडेकरू

आपल्या वार्षिकांकात कविता असतात, सहलीची वर्णने असतात, 'मी पंतप्रधान झाले तर' असतो. त्यात जंतू आणि जुलाब हा विषय घेऊन एका कला शाखेच्या मुलीने यावे, हे संपादक मंडळाला प्रथम जरा विचित्रच वाटले. मराठी आणि अर्थशास्त्र हे माझे विषय. प्रयोगशाळेची पायरी मी दहावीनंतर चढलेली नाही. तरीही हा लेखनप्रपंच करते आहे, त्याला कारण घडले ते आधी सांगते.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत, आई सकाळी पोळ्यांचे काम करते, आणि आजी मुरबाडकडची, अंगठा उठवणारी. त्यामुळे घरात इंग्रजी अक्षर आले की ते माझ्यापुढे येते. विजेचे बिल असो, बँकेचा कागद असो, नाही तर औषधाची पट्टी असो. 'वाच गं बाय, काय लिवलंय यावर' असे आजीने म्हणायचे आणि मी मोठ्या ऐटीने वाचून दाखवायचे, हा आमचा शिरस्ता. शेजारच्या चार खोल्यांतूनही अशा पट्ट्या येत. त्यावरचे नाव वाचता येणे आणि त्या नावाचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र मला गेल्या पावसाळ्यापर्यंत कुणी सांगितले नव्हते.

गेल्या पावसाळ्यात आजीची दाढ सुजली. दवाखान्यातून क्लिंडामायसिन नावाच्या कॅप्सूल मिळाल्या, सात दिवसांच्या. सूज उतरली. आठवडाभराने आजीला जुलाब सुरू झाले. पावसाळ्यात आमच्याकडे नळाला गढूळ पाणी येते, तेव्हा 'पाणी बाधलं' असा निकाल घरानेच लावला. आमच्याकडे बिस्किटांच्या एका रिकाम्या डब्यात उरलेल्या गोळ्या ठेवायची पद्धत होती. धाकट्या भावाच्या आजारपणातल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या चार गोळ्या त्यात होत्या. मी नाव वाचले, मोबाईलवर पाहिले, 'जुलाबावर देतात' असे तिथे लिहिलेले होते, आणि दोन दिवस त्या चारही गोळ्या मी माझ्या हाताने आजीला दिल्या.

तिसऱ्या दिवशी आजीला उठवेना. दिवसातून दहा-बारा वेळा जुलाब, ताप, पोट तंबोऱ्यासारखे ताणलेले. रिक्षात घालून इस्पितळात नेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, काय खाल्ले असा नव्हता. "गेल्या दोन महिन्यांत कुठली औषधं घेतली?" हा होता. मी सांगितले. "आणि या दुसऱ्या गोळ्या कुणी सांगितल्या?" मी म्हटले, "मीच." त्या रागावल्या नाहीत, नुसते लिहून घेतले. रागावल्या असत्या तर बरे झाले असते असे मला वाटत राहिले.

आजी दहा दिवसांनी घरी आली. त्या दहा दिवसांत रात्री बाकावर बसून आणि नंतर एका शास्त्र शाखेतल्या मैत्रिणीकडून पुस्तके आणून मी जे वाचले, ते आता लिहिते.

आपल्या पोटात जिवाणू असतात हे ऐकून माहीत असते, पण किती असतात याचा अंदाज नसतो. पूर्वीच्या पुस्तकांत असे छापलेले असे की माणसाच्या अंगातल्या पेशींच्या दसपट जिवाणू त्याच्या अंगात राहतात. २०१६ साली इस्रायल आणि कॅनडातल्या तीन शास्त्रज्ञांनी पुन्हा काळजीपूर्वक हिशेब केला, तेव्हा आकडा खाली आला. सत्तर किलोच्या माणसात सुमारे ३० लाख कोटी स्वतःच्या पेशी आणि सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू. म्हणजे साधारण बरोबरीचा मामला. या साऱ्या जिवाणूंचे वजन मात्र जेमतेम दोनशे ग्रॅम. जठरात आम्ल असल्यामुळे तिथे फारसे कुणी टिकत नाही; खरी दाटी मोठ्या आतड्यात. तिथे हवा जवळजवळ नसते, आणि तिथल्या बहुतेक रहिवाशांना प्राणवायूचा स्पर्शही सोसत नाही. म्हणूनच ही मंडळी शास्त्रज्ञांच्या काचेच्या बशीत वाढायला इतकी वर्षे तयार नव्हती.

मला ही सारी वस्ती आमच्या चाळीसारखी वाटते. खोली रिकामी म्हणून सापडायची नाही. कुणी शिवणकाम करते, कुणी पापड लाटते, कुणी नुसतेच पडून असते. पण दिवसरात्र जाग असल्यामुळे परका माणूस जिन्यात शिरला की दहा जण विचारतात, 'कोण पाहिजे?' आतड्यातले भाडेकरू भाडे देतात ते असे. भाकरीतला, डाळीतला, भाजीतला जो चोथा आपल्याला पचवता येत नाही, तो ते आंबवतात आणि त्यातून काही साधी आम्ले बनवतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचे मुख्य अन्न आहे. के जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वे ते तयार करतात. अंगातल्या रोगप्रतिकारक पेशींना आपले कोण आणि परके कोण याची सवय तेच लावतात. आईच्या दुधात काही साखरा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत; त्या असतात बाळाच्या पोटातल्या जिवाणूंसाठी. आई एका ताटात दोघांना वाढते, असे म्हणायला हरकत नाही.

ही वस्ती सगळ्यांची सारखी नसते. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी भारतीयांच्या पोटातल्या जिवाणूंची तुलना इतर देशांतल्या लोकांशी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात आपल्याकडे प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा ही दोन कुळे विशेष भरपूर आढळली. प्रिव्होटेलाचा संबंध धान्य आणि चोथा भरपूर असलेल्या आहाराशी लावतात. पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी २०१४ साली माणसाच्या शौचातून एक नवी जात वेगळी करून तिचे नाव 'मेगास्फेरा इंडिका' असे ठेवले. भारताचे नाव कशाकशाला मिळते पाहा! पण मला त्यात अभिमानच वाटला.

आता औषधांकडे वळू. प्रतिजैविक म्हणजे जिवाणूंना मारणारे किंवा त्यांची वाढ थांबवणारे औषध. बोलीत आपण 'अँटिबायोटिक' म्हणतो, आणि आमच्या आळीत तर 'पावरची गोळी'. १९२८ साली लंडनमध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्या भोवतालचे जंतू विरघळले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असतेच. ती औषधे माणसाला न मारता जंतूला कशी मारतात, हा खरा गमतीचा भाग. जिवाणूच्या अंगाभोवती एक टणक भिंत असते. माणसाच्या पेशीला ती नसते. पेनिसिलिन आणि त्याच्या घराण्यातली अमॉक्सिसिलिनसारखी औषधे ही भिंत बांधू देत नाहीत. जिवाणू वाढू लागतो, भिंत अर्धीकच्ची राहते आणि आतल्या दाबाने तो फुटतो. आपल्याकडच्या काही अनधिकृत इमारतींसारखेच ते. आजीला दिलेले क्लिंडामायसिन जिवाणूचा प्रथिने बनवण्याचा कारखाना बंद पाडते. मी दिलेले सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्याच्या जनुकांचा लांबलचक धागा सोडवणारे आणि पिळणारे जे विकर असते, त्यालाच पकडते.

इथपर्यंत सारे छान. अडचण अशी की भिंत, कारखाना आणि धागा या तिन्ही गोष्टी दाढेतल्या दुष्ट जंतूला असतात तशाच पोटातल्या सज्जन जिवाणूलाही असतात. औषधाला पत्ता कळत नाही. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून दाढेपर्यंत जाते. पण वाटेत आणि परतीच्या प्रवासातही ती आतड्यात पोचते. इंजेक्शन घेतले तर पोट वाचले असे पुष्कळांना वाटते. पण काही इंजेक्शनातली औषधे यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यातच उतरतात. शिवाय ताप कशाचा हे नक्की नसले म्हणजे अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे औषध देण्याकडे कल असतो. जितके जास्त प्रकार, तितकी चाळ जास्त रिकामी.

चाळ रिकामी झाली की काय होते? पहिली गोष्ट साधी. चोथा आंबवणारे गेले म्हणजे न पचलेली पिठे-साखरा आतड्यात पडून राहतात, पाणी ओढून घेतात आणि पोट ढिले होते. औषध घेताना पुष्कळांना होणारे जुलाब हे बहुधा याच जातीचे; औषध थांबले की तेही थांबतात. दुसरे म्हणजे बुरशीचे फावते. बुरशीवर जिवाणूनाशक औषध चालत नाही, त्यामुळे शेजारी मेले की ती पसरते. लहान मुलांच्या जिभेवर पांढरी साय येते ती पुष्कळदा अशीच.

याच ठिकाणी आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपला देश पेनिसिलिन बाहेरून आणत असे. १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची त्याला मदत होती. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे त्याच कारखान्यात डॉ. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या एका सूक्ष्मजीवातून बुरशीवरचे औषध शोधून काढले. कारखान्याच्या नावावरून त्या औषधाला 'हॅमायसिन' म्हटले, आणि त्या सूक्ष्मजीवाचे नाव ठेवले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना'. म्हणजे जंतू मारणारे औषध आणि ते मारल्यावर माजणाऱ्या बुरशीवरचे औषध, अशी दोन्ही कामे एकाच गावात झाली. पुण्याची गाडी पिंपरीवरून जाते तेव्हा आपण खिडकीतून पाहतो ते गाव काही साधे नाही.

तिसरी गोष्ट आजीला झाली ती. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक जिवाणू आहे. (अलीकडे त्याच्या कुळाचे नाव बदलून क्लॉस्ट्रिडिऑइडिस केले आहे, शास्त्रज्ञांनाही नाव बदलण्याची हौस असतेच.) तो १९३५ साली अमेरिकेत निरोगी तान्ह्या बाळांच्या शौचात प्रथम सापडला. प्रयोगशाळेत वाढवायला फार अवघड, म्हणून 'डिफिसिल'. बाळांना तो काहीच करत नाही. पुढे चाळीसहून अधिक वर्षे त्याच्याकडे कुणी फारसे पाहिले नाही. १९७८ साली मात्र असे सिद्ध झाले की क्लिंडामायसिनसारख्या औषधांनंतर काही रोग्यांना जो भयंकर जुलाब होतो आणि आतड्याच्या अस्तरावर पिवळे चट्टे पडतात, त्याच्या मुळाशी याच जिवाणूचे विष आहे.

हा जिवाणू बीजाणूच्या रूपात झोपून राहतो. बीजाणू म्हणजे टणक कवचातले बी. औषधाने ते मरत नाही. आता आमच्या चाळीचा हिशेब कसा जुळतो पाहा. यकृतातून येणारी मूळ पित्ताम्ले या बीजाणूला जागे करतात. पण निरोगी आतड्यातले काही भाडेकरू त्या पित्ताम्लांचे रूप बदलतात, आणि बदललेली पित्ताम्ले या जिवाणूची वाढ रोखतात. हे भाडेकरू औषधाने गेले की जागे करणारे तेवढे उरते, रोखणारे जाते. शिवाय खायला भरपूर आणि वाटेकरी कोणी नाही. औषध संपल्यानंतर आठवड्याने, कधी महिन्याने, हा गृहस्थ उठतो आणि साऱ्या मजल्याचा ताबा घेतो. वय जितके जास्त तितका धोका जास्त. आजीची दाढ बरी झाली होती, तिच्या पोटातली चाळ तेव्हा हळूहळू भरत असणार. आणि नेमक्या त्याच वेळी मी दुसरी गोळी देऊन उरलेसुरले भाडेकरूही हाकलले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन या जंतूवर फारसे चालत नाही, इतरांवर मात्र चालते. पट्टीवर मी नाव बरोबर वाचले होते.

यावर उपचार काय, तर पुन्हा प्रतिजैविकच. व्हॅन्कोमायसिन हे औषध तोंडाने दिले तर ते रक्तात जवळजवळ शिरत नाही, आतड्यातच राहते आणि तिथे या जिवाणूला मारते. आजीला ते दहा दिवस दिले. पण ते औषधही इतर भाडेकरूंना सोडत नाही. म्हणून बरे झालेल्या दर चार-पाच जणांमागे एकाला हा आजार उलटतो. दिवाळीपर्यंत आम्ही धास्तावलेलेच होतो. आजार पुन्हा पुन्हा उलटणाऱ्यांसाठी एक इलाज निघाला आहे. तो ऐकून माझ्या वर्गातल्या मुलींनी डबे बंद केले, तरी लिहिते. निरोगी माणसाच्या शौचातले जिवाणू पाण्यात कालवून, गाळून, नळीने रोग्याच्या आतड्यात सोडायचे. २०१३ साली हॉलंडमधल्या डॉक्टरांनी याची चाचणी प्रसिद्ध केली. १६ रोग्यांपैकी १३ एकाच वेळेत बरे झाले. नुसते व्हॅन्कोमायसिन दिलेल्या १३ पैकी फक्त ४. फरक इतका उघड होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. म्हणजे चाळीत माणसे परत आणून बसवली की घुसखोर आपोआप निघतो.

मग निरोगी माणसाची चाळ आपली आपण भरते का? बहुतेक भरते. डेन्मार्कमध्ये १२ निरोगी तरुणांना चार दिवस तीन जबर प्रतिजैविके एकत्र देऊन पाहिले. २०१८ साली ते संशोधन प्रसिद्ध झाले. दीड महिन्यात त्यांच्या पोटातली वस्ती जवळजवळ पूर्ववत झाली. पण सुरुवातीला सर्वांच्या पोटात असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांत सापडल्या नाहीत. चार दिवसांच्या औषधाचा हा हिशेब आहे, आणि तोही धडधाकट माणसांचा. आमच्याकडे वर्षातून तीन-चार वेळा सर्दी झाली की 'पावरची गोळी' घेणारी माणसे आहेत. सर्दी आणि बहुतेक घसादुखी विषाणूंची असते. विषाणूला ना भिंत, ना स्वतःचा कारखाना. तेव्हा तिथे ही गोळी मारते ती फक्त पोटातल्या गरिबांना.

चाळीत जे वाचतात तेही विचारात घेतले पाहिजेत. ज्यांच्याकडे औषधाला दाद न देण्याची युक्ती आहे तेच मागे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय जिवाणूंमध्ये ही युक्ती जनुकांच्या लहानशा कड्यावर लिहिलेली असू शकते आणि ते कडे शेजाऱ्याला, अगदी परजातीच्या शेजाऱ्यालाही देता येते. हा व्यवहार आतड्यासारख्या दाट वस्तीत सहज होतो. आज निरुपद्रवी जिवाणूकडे असलेली युक्ती उद्या रोगजंतूकडे जाते. अपुऱ्या मात्रेने जंतू मरण्याऐवजी तयार होतात, असा इशारा फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक घेतानाच दिला होता. आपल्याकडे २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची दुकानदाराने वेगळी नोंद ठेवावी असा नियम आहे, आणि पट्टीवरची उभी लाल रेघ म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, हे सांगण्यासाठी २०१६ साली केंद्र सरकारने मोहीम काढली. आमच्या डब्यातल्या पट्टीवर ती रेघ होती. मी ती शोभेची समजत होते.

दह्याबद्दल सगळे विचारतात. मेक्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी बल्गेरियातल्या शेतकऱ्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय दह्याला दिले होते, आणि आपल्या आज्या ते न वाचताच आजाऱ्याला दहीभात देत आल्या. दही पचायला हलके, चांगले अन्न आहे. पण त्यातले जिवाणू पाहुणे असतात. दोन दिवस राहून निघून जातात, मोठ्या आतड्यातली हवेवाचून जगणारी मंडळी ती नव्हेत. दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या-कॅप्सूलनी औषधाबरोबरचे जुलाब काहींना कमी होतात. पण इस्रायलमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात प्रतिजैविकानंतर अशा गोळ्या घेणाऱ्यांची मूळ वस्ती परत यायला उलट अधिक वेळ लागला. पाहुण्यांनी खोल्या अडवल्या, असेच म्हणायचे. त्यापेक्षा परतणाऱ्या भाडेकरूंना त्यांचे खाद्य, म्हणजे भाकरी, डाळी-उसळी, भाज्या, फळे, हे मला अधिक पटते. अर्थात आजीसारख्या रोग्याला काय द्यायचे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. मी आता तो धंदा सोडला आहे.

हे वाचून कुणी प्रतिजैविकांना शत्रू समजेल, तर माझे लिहिणे फसले. मी सातवीत असताना बाबांना क्षय झाला होता. सहा महिने सरकारी दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. त्यात रिफॅम्पिसिन असते आणि त्याने लघवी नारिंगी होते. पहिल्या दिवशी बाबा घाबरून मोरीतूनच ओरडले होते, ते आठवून आम्ही अजून हसतो. एकही दिवस न चुकवता त्यांनी गोळ्या घेतल्या आणि ते कामावर परत गेले. ते औषध नसते तर मी आज कॉलेजात नसते. त्या सहा महिन्यांत त्यांच्या पोटातल्या कितीतरी भाडेकरूंना घर सोडावे लागले असेल. पण तो सौदा डॉक्टरांनी तपासणी करून, मोजून-मापून केलेला होता. मी बिस्किटांच्या डब्यातून केलेला तसा नव्हता.

डबा आता रिकामा आहे. शेजारच्या काकू परवा एक पट्टी घेऊन आल्या, 'ही घसादुखीवर चालते का गं?' म्हणून. मी नाव वाचले, लाल रेघ दाखवली आणि त्यांना दवाखान्याची वेळ सांगितली. त्या जरा खट्टू झाल्या. कॉलेजात जाऊन पोरीला शिष्टपणा आला, असे त्यांनी आईला सांगितल्याचे नंतर कळले. आजी मात्र तिथेच बसली होती. ती म्हणाली, "जा गं, दाखव डॉक्टरला. आमच्या बायला समदं वाचता येतं, म्हणूनच सांगतेय ती."